डिस्कला लावलेलं बोट

मी खोटं बोललो तेव्हा माझ्या मुलीचा एक पाय पेडलवर होता. हे आधीच लिहून टाकतो. नाहीतर पुढे लिहिता लिहिता मी स्वतःला कुठेतरी सोडवून घेईन.

बुऱ्हाणपुरात शनवाऱ्यात आमचं घर. माझं काम पॉवरलूमच्या दुरुस्तीचं. तीस वर्षं लोखंडात हात घातलेला माणूस, त्यामुळे मुलीच्या सायकलचं पुढचं चाक घासायला लागलं तेव्हा मी म्हटलं, आण इकडे, ठोकून सरळ करतो. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि डोंगरात चालवायच्या सायकलीचं तिला वेड होतं. तिने चाकावरची ब्रेकची डिस्क मला बोटांत धरायला लावली. मधे झिजून ती कडेपेक्षा पातळ झाली होती. ठोकून काय सरळ होणार? नवीनच घ्यावी लागणार होती.

जुनी एकशे साठ मिलिमीटरची होती. मी म्हणालो, तेवढीच घे, जे बसतंय ते बसव. तिला एकशे ऐंशीची हवी होती. असीरगडाच्या उतारावर ब्रेक सारखा दाबावा लागतो, डिस्क तापते आणि पकड सुटत जाते. मोठी डिस्क जास्त पकडते, लवकर थंड होते. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला केवढी चालते तेही तिने बघून ठेवलं होतं. डिस्क पकडणारा कॅलिपर वर सरकवायला एक छोटा जोड लागणार, तोही तिनेच मागवला. मी फक्त चाकाच्या मधल्या भागाची सहा भोकं मोजली आणि सहा स्क्रूवालीच घे म्हणालो. ते तिला ठाऊक होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं अंगणात बसलो. बायको जाता जाता म्हणाली, "मोठाले लूम खोलणारा माणूस, पोरीच्या हाताखाली उकिडवा बसलाय बघा." मला ते आवडलं होतं. मुलीने डिस्क कडेने धरून पाकिटातून काढली आणि बजावलं, "पप्पा, हिच्या तोंडाला बोट लावायचं नाही हं. बोटाचं तेल पण नाही चालत, पकड जाते."

डिस्कवरचा बाण चाक फिरतं त्या दिशेला आला की नाही ते तिने दोनदा पाहिलं. चांदणीसारख्या तोंडाची चावी माझ्या हातात होती. एक स्क्रू, मग त्याच्या समोरचा, असे थोडे थोडे आवळत गेलो. चाक बसवलं तर डिस्क एका बाजूला किंचित घासत होती. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून तिने ब्रेक दाबून धरला, मी बोल्ट आवळले. चाक निमूट फिरायला लागलं. डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅडही आधीच नवे बसवले होते. शेवटी स्पिरिटने डिस्क पुसून ती म्हणाली, झालं.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. पाने, पक्कड, व्हाइस, माझी मोटारसायकल, सगळं धुऊन ओळीने मांडायचं आणि तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट लावायचं. माझे वडील म्हणत, ज्या लोखंडावर जीव टाकायचा त्याला बोट लागलंच पाहिजे. मुलीने सायकलही ओळीत लावली, हँडलला झेंडूचं फूल खोचलं आणि म्हणाली, तिला एवढंच पुरे. मग ती आंघोळीला गेली. पूजा झाली की मैत्रिणीबरोबर असीरगडला निघायचं ठरलं होतं.

ओळ संपली तेव्हा माझ्या बोटाला शेंदूर उरला होता. भक्तीने केलं असं म्हणायला मला आवडेल, पण मी भ्यालो होतो. आधीच्या वर्षी त्याच उतारावर ती एकदा पडली होती. सगळ्या लोखंडाला बोट लागलं आणि जे तिला थांबवणार तेवढंच कोरडं राहिलं, हे मला बघवेना. मी डिस्कवर पाच ठिपके दिले. लगेच चूक कळली. पूजेच्या फडक्याने घाईघाईने पुसले. डिस्क पहिल्यापेक्षा जास्त चमकायला लागली.

ती बाहेर आली, पाया पडली, गल्लीत दोन चकरा मारून परत दारात थांबली. ब्रेक किंचाळत होता. नवे पॅड बसायला वेळ लागतो असं ती स्वतःशीच म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं.

"पप्पा, तुम्ही हात तर नाही ना लावला?"

मी नाही म्हणालो. राजपुऱ्यातली मैत्रीण येऊन उभी होती. दोघी गेल्या.

मी चहा घेतला. थोडंसंच तर तेल, वाटेत निघून जाईल, असं तास-दीड तास मनाशी घोळवत बसलो. बायको पूजा आवरत होती. व्हाइसवरचा शेंदूर फडक्याने पुसत होती आणि तो नुसता लांबत चालला होता.

"तेलातला आहे," ती म्हणाली. "पुसून जातो होय? पसरतो."

मी मोटारसायकल काढली. तिला फोन लावला, तो घरातच खणाणला. खंडव्याच्या रस्त्याने मी कसा गेलो ते आठवत नाही. केळीचे ट्रॅक्टर मागे टाकताना प्रत्येक वळणावर वाटे, आता पुढे लोक गोळा झालेले दिसतील. गडाचा चढ सुरू झाल्यावर तर वरून येणारी प्रत्येक सायकल तिचीच वाटे. आणि तरी, याच रस्त्यावर, मी दुसरं कारण शोधत होतो. आई आजारी आहे म्हणावं. पाहुणे आलेत म्हणावं.

दोघी वर, गडाच्या दाराशी पाणी पीत होत्या. उतरायच्याच बेतात होत्या. मैत्रीण हसून म्हणाली, "काका, पहारा द्यायला आलात?"

मी मुलीला म्हणालो, सायकल टेम्पोत टाकू, मला तो आवाज बरा वाटत नाही. ती म्हणाली, बसेल ब्रेक, उतरताना बसेलच. तिने हेल्मेटचा पट्टा लावला. मी पुढचं चाक दोन्ही हातांनी धरलं.

"मी हात लावला," मी म्हणालो. "शेंदराचा."

ती खाली बसली. चाक हळूहळू फिरवलं, रुमालाचं टोक डिस्कच्या एका भोकात घालून काढलं. टोक लाल झालं होतं. मैत्रीण दुसरीकडे बघायला लागली.

"मी विचारलं होतं पप्पा," ती म्हणाली.

टेम्पो तिने नाकारला. ती अख्खा गड सायकल हातात धरून पायी उतरली, मैत्रीणही तिच्याबरोबर पायीच. मी इंजिन बंद करून मोटारसायकल ढकलत मागे. दर वळणावर तिने एकदा तरी मागे वळून बघावं असं वाटत होतं.

तेल प्यायलेले पॅड तिने फेकून दिले. नवे आणले, डिस्क स्पिरिटने धुतली, सगळं एकटीने बसवलं. माझ्याशी बोलणं दोन दिवसांत पूर्वीसारखं झालं. भाजीपासून परीक्षेपर्यंत सगळं ती सांगायची.

पुढच्या दसऱ्याला मी पाने-पकडी मांडत होतो. तिने सायकल आणून ओळीत लावली, हँडलला झेंडू खोचला. तिची आई म्हणाली, आधी आंघोळ करून ये. ती म्हणाली, नंतर करते. शेवटच्या पान्याला बोट लावून मी शेंदराची वाटी झाकेपर्यंत ती सायकलच्या सीटवर हात ठेवून तिथेच उभी होती.