नाकोबांनी ओतलेलं पिंप

बिअरच्या त्या छोट्या कारखान्यात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. पगाराच्या दिवशी कारकुनाने नाव पुकारलं, की ते स्वतःच क्षणभर इकडेतिकडे बघत. सगळ्यांचे ते नाकोबा. नाक तसं चारचौघांसारखंच, पण कारखान्याची अब्रू त्या नाकावर उभी होती. तळघराच्या जिन्यावरून उतरता उतरता ते थांबत, हवा हुंगत आणि एखाद्या टाकीकडे बोट दाखवून म्हणत, "ही बिघडतेय." झाकण उघडावं, तर खरोखरच बिअरवर पांढरी, सुरकुतलेली साय धरलेली असे आणि आंबट भपकारा येई.

अशा वेळी नाकोबांचा कायदा एकच. आंबट झाली, की गटारात. हळहळ नाही, चर्चा नाही. मग धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्याने टाकी अशी घासायची, की आतल्या पत्र्यात तोंड दिसावं. एक बिघडलेली टाकी शेजारणींनाही बिघडवते, हे त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं, आणि तेव्हा आख्खा कारखाना बंद पडायची वेळ आली होती. त्यामुळे कायदा कडक होता आणि तो बरोबरही होता. निदान त्यांच्या सरळ, कडवट, सोनेरी बिअरपुरता तरी.

पुढे त्यांची भाची त्याच कारखान्यात आली. धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून याच तळघरात यायची आणि गार वाटलं की मामाच्या कानांना हात लावून ऊब घ्यायची. आता ती बिअर करायचं शिक्षण घेऊन परतली होती. मालकांना तिने पटवलं आणि तुटक्या खोक्यांनी भरलेला तळघराचा मागचा कोपरा मागून घेतला. तिथे तिने जुनं लाकडी पिंप आणून मांडलं.

"काय करणार गं यात?" नाकोबांनी विचारलं.

"चेरीची बिअर, मामा."

"बिअरमध्ये फळं? मग वर साखर भुरभुरून चमचा पण दे हो सोबत!"

आजूबाजूचे हसले. भाचीही हसली आणि मग उत्साहाने सांगू लागली, की ही बिअर मुद्दाम आंबट होऊ द्यायची असते, लाकडात राहणारे जंतू ते काम करतात, त्यांना घाई चालत नाही. पण नाकोबा अजून आपल्याच विनोदावर खूश होते. त्यातून मागे पंप गळत होता, अर्धं लक्ष तिकडे. "हो हो, कळलं," म्हणत त्यांनी तिच्या पाठीवर थोपटलं आणि पंपाकडे वळले. पुन्हा विचारायचं त्यांच्या मनात आलंच नाही असं नाही. पण जिला आपण टाकी म्हणजे काय ते दाखवलं, तिलाच आता विचारायचं?

भाचीने आपल्या नळ्यांना आणि बादल्यांना लाल दोरा बांधला. "हे तुमच्या टाक्यांकडे नेऊ नका हं," असं सगळ्यांना बजावलं. नाकोबांना ते जरा लागलं. आमच्या हाताची तिला घाण वाटते की काय? आपली बिअर तिच्या जंतूंपासून वाचावी म्हणून तो दोरा आहे, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

ऋतू बदलले. चेऱ्या पिंपात पडून मुरल्या. अखेर मालक म्हणाले, "सोमवारी चाखू या. जमली असेल तर कोपरा तुझा. नाहीतर माझी खोकी बाहेर पावसात भिजताहेत."

आदल्या दिवशी रविवारची सुट्टी होती. टाक्यांचा गारवा बघायला नाकोबा दर सुट्टीला चक्कर मारत, तशी मारली. मागच्या कोपऱ्याशी आले आणि थबकले. आंबट वास. त्यांनी पिंपाचं बूच काढलं, बॅटरी मारली. आत पांढरी साय, अगदी सुरकुत्यांसकट.

पोरीची मेहनत गेली! उद्या मालकांसमोर ती मोठ्या हौसेने पेला भरणार आणि सगळ्यांदेखत नाक कापलं जाणार. तिला फोन करावा का? पण सुट्टीच्या दिवशी आईपाशी बसली असेल, तिला हे कसं सांगायचं? त्यापेक्षा आपणच निस्तरावं. उद्या हळूच बाजूला घेऊन सांगू, मालकांकडून मुदत मागून घेऊ. मामा मग कशाला असतो?

त्यांनी नळ सोडला. गडद लाल धार गटाराकडे धावली. त्या धारेचा वास वर आला आणि नाकोबांचा हात नळावर थांबला. त्या वासात आंबटपणा होता, पण कुजकेपणा नव्हता. चेरी होती, ओलं लाकूड होतं, आणखी काहीतरी होतं ज्याला त्यांच्याकडे शब्द नव्हता. क्षणभर वाटलं, थोडं चाखून बघावं. पण कायदा म्हणजे कायदा. त्यांनी मान झटकली आणि नळ पूर्ण उघडला. मग उकळतं सोड्याचं पाणी ओतून, बाह्या सावरून, लांब दांड्याच्या कुंच्याने पिंप आतून लख्ख घासलं.

घरी गेल्यावर बायको म्हणाली, "आज स्वारी भलतीच खुशीत?"

"एक काम होतं, केलं," ते म्हणाले आणि दोन घास जास्त जेवले.

सोमवारी मालक खाली उतरले तेव्हा भाचीने कौतुकाने पिंपावर टिचकी मारली. पिंप पोकळ वाजलं. तिने बूच काढून आत वाकून बघितलं आणि तशीच वाकलेली राहिली.

"कोणी धुतलं हे?"

सगळ्यांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या. टाक्या धुणारा बादलीभाऊ. चहा प्यायला जातानाही त्याच्या हातात बादली असे, म्हणून हे नाव. मागे एकदा त्याने भलतीच टाकी धुतली होती, आणि ते कोणी विसरलं नव्हतं.

"मी नाही, मालक. आईशप्पथ नाही."

"मग पिंपाने स्वतः आंघोळ केली?" मालक कडाडले.

नाकोबांनी तोंड उघडलं. 'मी वाचवलं तुला, पोरी' हे वाक्य तयारच होतं. पण तेवढ्यात भाची बादलीभाऊकडे बघून रडत रडत बोलली, "भाऊ, ती साय म्हणजेच तर सगळं होतं हो! ती धरली म्हणून मी घरी जाऊन आईला मिठी मारली. बिअर पुन्हा करता येईल, पण लाकडात जे जगत होतं ते सोड्याने मारलंत तुम्ही."

नाकोबांचं तोंड उघडं होतं, तसंच मिटलं.

बादलीभाऊ खाली बघत उभा होता. पुन्हा 'मी नाही' म्हणण्याचीही त्याची हिंमत राहिली नव्हती. ज्या माणसाला नाकोबांनीच काम शिकवलं, तो त्यांच्यापासून हातभर अंतरावर त्यांच्या वाटची बोलणी खात होता आणि नाकोबा भिंतीवरच्या गारव्याच्या काट्याकडे बघत होते. तो काटा आज त्यांना कमालीचा वाचनीय वाटत होता.

भाचीने डोळे पुसले. फळीवरून एक बाटली काढली. "मध्यंतरी बघायला म्हणून थोडी भरून ठेवली होती. एवढीच उरली. मालक, चाखा तरी." तिने बाटली सांभाळून वाकडी केली, तळाचा गाळ आतच राहू दिला आणि तीन पेले थोडे थोडे भरले. तिसरा नाकोबांच्या हातात दिला. "मामा, तू पण घे. तुझ्या नाकाला काय वाटतं ते सांग."

नको म्हणायला कारण सुचेना. त्यांनी पेला नाकाशी नेला. कालचाच वास. मग घोट घेतला.

आधी जबड्याचे दोन्ही कोपरे आवळले गेले, डोळे मिचकावले गेले. लहानपणी झाडाखालची अर्धकच्ची आलुबुखारं खाताना व्हायचं तसं. मग त्या आंबटातून चेरी वर आली, नुसता गोड रस नव्हे, सालीसकट, बीच्या किंचित कडवटपणासकट. मागून लाकूड आलं. आणि गिळल्यावर तोंड इतकं स्वच्छ, कोरडं झालं, की जीभ आपण होऊन पुढचा घोट मागू लागली. आयुष्यभर त्यांनी आंबट हा एकच शब्द एकाच खोलीत कोंडून ठेवला होता. त्या खोलीला दुसरं दारही आहे, हे त्यांना आज कळत होतं, आणि कळत होतं ते पिंपभर गटारात सोडल्यावर.

दुसरा घोट त्यांच्याने घेववेना.

"बादलीभाऊने नाही धुतलं," ते म्हणाले. "मी धुतलं. काल. साय दिसली, वाटलं बिघडलंय."

मग मालक मोठ्याने हसले. "अहो नाकोबा! मग आधीच नाही का सांगायचं? तुमच्या जागी मी असतो, तरी ओतलंच असतं! शिस्त म्हणजे शिस्त." बादलीभाऊवर कडाडलेला तो आवाज नाकोबांसाठी एका क्षणात लोण्यासारखा मऊ झाला होता. त्यांना वाटलं, यापेक्षा कोणी चार शिव्या हासडाव्यात.

भाची हसली नाही. "मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मामा. तू कळलं म्हणालास."

"म्हणालो. ऐकलं नव्हतं."

"चाखलं होतंस ओतण्याआधी?"

"नाही."

"वास तरी घेतलास?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. "घेतला," नाकोबा म्हणाले. "चांगला होता. मला तेव्हाच वाटलं, चांगला आहे म्हणून. तरी ओतलं."

तिने त्यांच्याकडे बघितलं ते असं, की मघाची तिची रडारड त्यांना परवडली असती. मग तिने बाटलीला बूच लावलं. "या गाळात थोडे जंतू जिवंत असतील. त्यावरून पुन्हा वाढवता येईल. वेळ लागेल."

मालकांनी आपला पेला कधीच संपवला होता आणि तो उलटा करून बघत होते. "लागू दे वेळ," ते म्हणाले. "खोक्यांवर ताडपत्री टाकू. फक्त सुट्टीच्या दिवसाची किल्ली आता तुमच्या भाचीकडे राहील. काय नाकोबा?"

"बरोबर आहे," नाकोबा म्हणाले. खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवताना त्यांनी वर बघितलं नाही.

संध्याकाळी ते बादलीभाऊला दारात गाठून उभे राहिले. "मी आधीच बोलायला हवं होतं रे."

"बोललात ते बरं झालं," बादलीभाऊ म्हणाला. स्वरात राग नव्हता, तेच वाईट. "माझं कोणी ऐकलं नसतं. मला सवय आहे, पण यावेळी काम गेलं असतं."

त्या रात्री नाकोबा जेवले नाहीत. बायकोने विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. तिने त्यांचं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाली, "त्या भाऊला घरी बोलवा. नुसतं दारात गाठून भागायचं नाही." पण बोलावणं गेलं तेव्हा बादलीभाऊने हसून, अगदी नम्रपणे, काहीतरी अडचण सांगितली. पुढच्या खेपेलाही सांगितली. नाकोबांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही.

पुन्हा चेऱ्या आल्या, पुन्हा पिंप भरलं. भाची मामाशी बोलू लागली होती, पण कामापुरतं. नाकोबा चेऱ्या धुऊन देत, त्यांचे देठ खुडत. तळघरात आता कोणी कुठल्या टाकीबद्दल त्यांना विचारलं, तर ते आधी पेला मागवून चाखून बघत. तरुण कामगार याची आपापसांत थट्टा करत, हे त्यांना ठाऊक होतं.

एका सकाळी भाचीची हाक आली, "धरली! साय धरली!" सगळे कोपऱ्यात गोळा झाले. तिने बूच काढून बॅटरी बादलीभाऊच्या हातात दिली. तो वाकला, मग मागे वळून त्याने जागा केली. "या ना नाकोबा, पुढे या."

"नको, तू बघ," नाकोबा सगळ्यांच्या मागून म्हणाले. "कशी आहे ते सांग. मी ऐकतो."

बादलीभाऊ पुन्हा वाकला. "पांढरी आहे. मधे मधे फुगे आलेत. दुधावर धरते तशी... नाही, थांबा, त्याहून पातळ," तो सांगू लागला, आणि नाकोबा मधे एक शब्दही न बोलता ऐकत राहिले.