राजीनामा, चार वाजायच्या आत

कोर्टात केसेस पेंडिंग राहतात तसे आमच्या ऑफिसात किस्से पेंडिंग आहेत. फरक एवढाच का केसले तारीख लागते, किश्श्याले लागत नाही! दोन मैत्रिणी चहाले बसल्या का मी सुरू. त्या म्हणतात, "सुनंदा, तू लिहून कावून ठेवत नाहीस?" आता दिवसभर दुसऱ्याचं टाइप करणारी बाई घरी येऊन आपलं कधी लिहीन? पण ठीक आहे, आज बसली आहे.

पावर हाउसच्या मार्केटात, एका बॅगवाल्याच्या दुकानावर आमचं ऑफिस. बोरकर वकील साहेब, त्यांचे जुने मुन्शी चैतराम काका, अन् मी. आमचे बाबा भंडाऱ्याकडून इकडं हिंदी मुलखात स्टील प्लांटच्या नोकरीसाठी आले, मी इथंच जन्मली. आधी मी साधी टायपिस्ट होती. मंग कोर्टाचे कागद कम्प्युटरवरून टाकायचं सुरू झालं, म्हणजे ई-फाइलिंग, अन् एका दिवसात मी एक्सपर्ट झाली. शिकवलं कोणी नव्हतं. बाकी दोघांना माउस पकडता येत नव्हता, एवढंच माहं क्वालिफिकेशन!

*

नवा स्कॅनर आला त्या दिवशी चैतराम काकांनी नारळ फोडला अन् स्कॅनरले बंदन लावलं. पूजेचा शेंदूर तो, इकडं त्याले बंदन म्हणतात. वरून लावलं असतं तं ठीक होतं. काकांनी झाकण उघडून आत काचेवर लावलं, कावून का खरं काम तिथंच होते!

मले पत्ता नाही. त्या दिवशी जेवढे कागद चढवले, सगळ्यांच्या डोक्यावर एक लाल ठिपका. तिसऱ्या दिवशी सगळं कोर्टातून वापस. शेरा होता, "प्रत्येक पृष्ठ पर अज्ञात मोहर।"

साहेब भडकले. काका शांत. म्हणे, "ए ह मोहर नोहय साहेब, बंदन आय! एला कइसे मिटाबो?" म्हणजे, हा शिक्का नाही, बंदन आहे, याले पुसायचं कसं?

शेवटी काकांना पान आणायले पाठवून मी काच पुसून घेतली. त्यांना अजून माहीत नाही.

*

आता नीलेशची केस सांगते, कारण त्या वर्षी आमचा सगळ्यांचा जीव तिच्यातच अडकला होता.

नीलेश प्लांटात कामाले. बायको वैशाली, तीन वर्षांच्या पोरीले घेऊन आठ महिन्यांपासून अहिवाऱ्याले माहेरी. मारहाण नाही, दारू नाही. भांडण एकच, स्वयंपाकघर! नीलेशची आई द्रौपदाबाई तेल, साखर, डाळ, सगळं कुलपात ठेवे अन् किल्ल्यांचा गुच्छा कमरेले. पोरीच्या दुधात साखर घालायची असली तरी सुनेनं किल्ली मागायची. एक दिवस वैशालीनं किल्ली मागितली नाही, बॅग भरली.

नीलेशनं कोर्टात अर्ज टाकला का बायकोनं घरी यावं. तो सांगे, व्हिडिओ कॉलवर बाप दिसला का पोरगी मोबाईलचीच पापी घेते. तो अर्ज टाइप करताना मले दोनदा थांबावं लागलं. रडू आलं, खोटं कशाले सांगू?

ड्यूटीवर त्याले फोन नेता येत नाही म्हणून अर्जात घरचा मोबाईल नंबर लिहिला. तो फोन द्रौपदाबाईजवळ. बाई हिंदी फाडफाड बोलते, पण शाळा शिकली मराठीत, चौथीपर्यंत. त्या फोनवर मेसेज आला: "आपके प्रकरण में आपत्ति है।"

मले तिचा फोन. "सुनंदा, माह्या पोराचं प्रकरण? कोणासंगं?"

"अवो मावशी, हिंदीत प्रकरण म्हणजे केस. आपत्ति म्हणजे ऑब्जेक्शन. माह्याच हातून पेज नंबर टाकायचा राहिला, बस."

तं ती हळूच म्हणाली, "अन् मी तं अहिवाऱ्याले फोन करून सांगून टाकलं, का माह्या पोराचं कोणासंगंही प्रकरण नाही म्हणून!"

अरे बाप्पा! पेज नंबर टाकायले मले दोन मिनिटं लागले. वैशालीले समजवायले दोन तारखा गेल्या.

*

त्याच केसचा दुसरा एक कागद चढत नव्हता. मी म्हटलं, "साहेब, फाइल हेवी आहे, घेऊन नाही राहिली."

साहेब तीस वर्षांचे वकील, कोणापुढं हार मानत नाहीत. त्यांनी गठ्ठा हातात घेऊन तोलून पाहिला. विचार केला.

"टाचण्या काढून पाह्य बरं!"

*

मरोद्याचे एक रिटायर्ड काका आमचे क्लायंट. कागद चढवताना क्लायंटच्या फोनवर ओटीपी येते, तो टाकल्याशिवाय फाइल पुढं जात नाही. तसा त्यांच्या फोनवर गेला. मी फोन केला, "काका, नंबर सांगा."

"ओटीपी कोणालेच सांगायचा नाही, बँकवाल्यांनी सांगितलं आहे."

"मी बँकेची नाही काका, तुमच्या वकिलाच्या ऑफिसातली आहे."

"फ्रॉडवालाबी असंच म्हणते!"

एक तासानं काका ऑटोनं स्वतः हजर. चिठ्ठीची चार घड्यांची पुडी शर्टाच्या आतल्या खिशात. आधी दार लावलं, मंग पुडी माह्या हातात दिली. "आता चेहरा पाहिला तुहा. घे."

तो ओटीपी दहा मिनिटांत मेला होता. नवा मागवला, टिंग वाजलं. मी म्हटलं, "सांगा." काका उठून पुन्हा दार पाहून आले. मंग माह्या कानात सांगितला. ऑफिसात आम्ही दोघंच होतो!

*

आता शेवटचा.

कोर्टातल्या मध्यस्थीवाल्या मॅडमनं दोन बैठकांत नीलेश-वैशालीले एका मतावर आणलं. वैशालीच्या वकिलानं कागदाचा मसुदा करून आम्हाले मेलवर पाठवला अन् अर्जातल्या त्या घरच्या नंबरवरही. दोघांच्या सह्या घेऊन त्याच दिवशी चारच्या आत चढवायचा होता. साहेब सकाळपासून तीनदा म्हणाले, "आज राहिलं तं ही पोरं पुन्हा जुळत नाहीत, सुनंदा. लिहून घे."

नीलेश फर्स्ट शिफ्ट करून अडीचले आला. वैशाली पोरीले घेऊन आधीच बाकावर बसली होती. दोघंही एकमेकांकडं न पाहता पोरीशीच बोलत होते.

तेवढ्यात जिन्यावर आवाज. द्रौपदाबाई! धापा टाकत, हातात फोन.

"माह्या पोराले नोकरी सोडायले लावता? राजीनामा लिहून घेता? हे पाहा, वरच लिहिलं आहे मोठ्या अक्षरात! प्लांटची नोकरी आहे, बाप्पा! हिच्यासाठी सोडीन तो?" वैशालीकडं बोट. "फोन देणार नाही मी. पाहते कसा ओटीपी येते तं!"

वैशालीनं पोरगी उचलली अन् बॅग खांद्यावर घातली. नीलेशचा चेहरा पाहवत नव्हता. घड्याळात सव्वातीन.

साहेब उठून मधात उभे राहिले. "बाई, बसा. आपल्या मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं. इथल्या कोर्टात राजीनामा म्हणजे दोघं राजी झाले, समझोता झाला. नोकरीचं नावसुद्धा नाही त्याच्यात. वाचा तुम्ही."

तिनं चष्मा लावला. बोट फिरवत, मोठ्यानं, एकेक शब्द वाचायले लागली. पहिली अट, वैशाली घरी येईल. दुसरी, पोरीची शाळा इथंच. तिसरीवर नीलेश एकदम म्हणाला, "आई, राहू दे ते." त्यानं घरी सांगितलंच नव्हतं.

ती वाचत गेली. "रसोई की व्यवस्था में... आवेदक की माता... हस्तक्षेप नहीं करेंगी।"

आवेदक म्हणजे अर्ज टाकणारा, नीलेश. अन् हस्तक्षेप हा शब्द तं हिंदीत अन् मराठीत एकच आहे. मी तरी काय समजावणार होती?

चैतराम काका खिडकीतून खाली पाहून राहिले होते. बाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला अन् ती ओळ पुन्हा वाचली. मनात.

मंग नीलेशकडं बोट करून म्हणाली, "हा राजीनामा याचा कावून लिहिला? हा तं नोकरीवरच आहे."

फोन टेबलावर ठेवला. माह्या हातातला पेन घेऊन नीलेशले दिला. नीलेशनं सही केली, वैशालीनं केली, अन् त्यांच्या खाली, जिथं कोणी सांगितलं नव्हतं, तिथं तिनं मराठीत पूर्ण नाव लिहिलं.

मी ते पान स्कॅनरवर ठेवलं. झाकण लावणार, तं तिनं माहा हात धरला. कमरेचा गुच्छा सोडला अन् सह्यांच्या खाली, कोऱ्या जागेवर ठेवला.

"हेबी चढव."

झाकण काही पूर्ण बसलं नाही. चारले सहा मिनिटं कमी असताना फाइल गेली. तिसऱ्या पानावर खाली पाच किल्ल्यांची काळी सावली आहे. आजपर्यंत तरी त्याच्यावर आपत्ति आलेली नाही.