लोखंडी बाईचे हात

अमरावतीत शिल्पबाग उघडणार होती, तेव्हा तिथले फुलांचे वाफे लावायचं काम आमच्याकडे आलं. आमचा गावाबाहेर झेंडू-शेवंतीचा मळा आहे. रोपं घेऊन मी आणि सासूबाई रोज सकाळी जायचो.

तिथली शिल्पं अकोटच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भंगारातून केलेली. शिल्पकार अकोल्याचे, पन्नाशीचे, अबोल. दातेरी चाकं आणि पट्ट्या जोडून त्यांनी बैल केला होता, मोर केला होता. सगळ्यांत उंच होती कापूस वेचणारी बाई. मी तर बघतच राहिले. सासूबाईंनी मात्र हातांची माती झटकत तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि शिल्पकारांना सरळ म्हणाल्या, "हे बाई कापूस नाही वेचून राहिली, भाऊ. हे तं भाकर थापून राहिली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांचा पदर ओढला. शिल्पकारांनी वेल्डिंगचा काळा चष्मा वर केला. "काहून जी, मावशी?"

"दोन्ही हात एकाच बोंडावर कशाले? एक इकडं, एक तिकडं. अन् नजर पुढच्या बोंडावर पाह्यजे."

"करून दाखवता?"

सासूबाईंनी पदर खोचला, कमरेत वाकल्या आणि रिकाम्या हवेत कापूस वेचू लागल्या. बोटं बोंडात शिरत होती, काट्याला चुकवून बाहेर येत होती, मूठ भरली की ओटीत रिती होत होती. सोळा वर्षं मी त्यांच्यासोबत राहते आहे, पण हे कधी पाहिलं नव्हतं. शिल्पकार खडूने फरशीवर भराभर रेघा ओढत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा त्यांनी बाईचे दोन्ही हात मनगटापासून कापून काढले होते. एवढी मेहनत वाया गेली, पण कपाळावर आठी नाही.

उद्घाटनाला मंडप, हार, भाषणं सगळं झालं. शिल्पकारांना माइकवर बोलावलं, तर ते एवढंच म्हणाले, "बाईचे हात मले इथं वाफे लावणाऱ्या मावशीनं शिकवले." टाळ्या पडल्या. सासूबाई तेव्हा मागे सुकत चाललेल्या शेवंतीला पाणी घालत होत्या. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी बादली खाली ठेवली.

"एवढा मोठा कारागीर," त्या म्हणाल्या, "पण आयकून घेतलं त्यानं."

गर्दी ओसरल्यावर त्या शिल्पापाशी गेल्या. लोखंडी बोटांवरून हात फिरवला. खरोखर एक हात इकडे होता, एक तिकडे.

घरी येताना ऑटोत मी विचारलं, "तुम्ही किती वर्षं वेचला कापूस?"

"लग्नाच्या आधीपासून. माहेरी आमी पाच बहिणी, एका रांगेत चालायचो," त्या म्हणाल्या, आणि मळा येईपर्यंत त्या पाचही जणींबद्दल सांगत राहिल्या.