गोळ्यावरचं ग्रीस

सूड घेऊन काही मिळत नाही, असं सांगणारं कुणी भेटलं की खात्रीबाईला हसू येतं. घेतलाय का कधी, असं ती विचारते. नाही ना? मग गप्प बसा.

तिचं खरं नाव दुकानाच्या परवान्यावर आहे, ते तिथंच राहू दे. गिऱ्हाइकं तिला खात्रीबाईच म्हणतात. काम झालं की ती तीनदा तपासते, गिऱ्हाइकालाही हात लावून बघायला लावते, आणि तरीही गाडी फाटकातून बाहेर पडताना मागून ओरडते, "थांबा हो, एकदा खात्री करू दे!" लोक वैतागतात. पण गाडीमागे सायकली लादून कुठं जायचं असलं, की शहराच्या पार दुसऱ्या टोकावरून तिच्याकडेच येतात. टो-बार बसवणं हा तिचा धंदा. मागचा बंपर उतरवायचा, चासीला लोखंडी दांडा बोल्टनं आवळायचा, दांड्याच्या टोकाला मुठीएवढा पोलादी गोळा, आणि त्या गोळ्याला पकडून उभं राहणारं सायकलींचं कॅरिअर. ऐकायला सोपं वाटतं. चुकलं तर मागून येणाऱ्याच्या अंगावर दोन-तीन सायकली.

ही विद्या तिला काकानं दिली. बाबांचा धाकटा भाऊ, मोठ्या वर्कशॉपमध्ये फोरमन. एकोणीस वर्षांच्या पुतणीला त्यानं हाताशी धरलं, नटाचं माप नुसत्या नजरेनं ओळखायला शिकवलं, बोल्ट किती आवळला म्हणजे पुरे हे मनगटात उतरवलं. हे ती आजही नाकबूल करत नाही. खरी जळजळ तिथंच आहे. परक्यानं गळा कापला असता तर एवढं लागलं नसतं.

झालं असं होतं. नऊ वर्षांपूर्वी तिनं एका गाडीला कॅरिअर बसवलं. गोळा थिनरनं पुसून कोरडा केला, त्यावर कॅरिअर पकडणारा खटका दाबून बसवला, हलवून पाहिलं आणि पुढच्या गाडीकडे वळली. चार दिवसांनी ती गाडी एका वळणावर वळली आणि कॅरिअर गोळ्यावरून फिरून निसटलं. मागून स्कूटरवर एक शाळेतल्या बाई येत होत्या. त्यांचं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

गाडी आवारात आणून ठेवली तेव्हा तिनं गोळ्याला बोट लावलं. बोट काळं झालं. ग्रीस! ती धावत काकाकडे गेली. "काका, कुणीतरी गोळ्यावर ग्रीस लावलंय. मी पुसला होता हो!"

काकानं सगळ्यांच्या देखत सांगितलं, "कुणी लावलेलं नाही. खटका सैल ठेवलास आणि आता बाता मारतेस."

मालकानं काढून टाकलं. वर बाबांनी तिला त्या बाईंच्या दारात नेऊन उभं केलं आणि माफी मागायला लावली. तिनं मागितली. हातात प्लास्टर घातलेल्या बाई दारात उभ्या, आणि ही हात जोडून न केलेल्या चुकीची माफी मागतेय. त्यानंतर दोन वर्षं तिला एकाही वर्कशॉपनं दारात उभं केलं नाही. पेट्रोल पंपावर गाड्यांच्या काचा पुसल्या तिनं, आणि साठलेल्या पैशांतून मग हे दुकान काढलं.

आणि खरं सांगू का? सगळ्यात वाईट गोष्ट ही की तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. काचा पुसताना मध्येच हात थांबायचा. पुसला होता ना मी गोळा? की दुसऱ्याच गाडीचा पुसला? माणूस सारखं सारखं ऐकलं की आपल्याच डोळ्यांवर संशय घेतो. तीनदा तपासायची खोड तिथली. लोकांना ते कौतुकाचं वाटतं. तो वळ आहे.

काकावर तिचा दाट संशय होता. जुन्या काळी ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांच्या गोळ्याला ग्रीस चोपडायचीच पद्धत, कारण ट्रेलर गोळ्यावर फिरायला हवा. कॅरिअरचं उलट. ते गोळ्याला नुसतं घट्ट आवळून उभं असतं, फिरलं की संपलं. आणि काकाची चाळीस वर्षं ट्रेलरांत गेलेली. पण संशय तो संशय. त्याला पुरावा कुठून आणणार?

पुरावा आपल्या पायांनी चालत आला. एका सोमवारी सकाळी दुकानासमोर काकाची गाडी थांबली, शेजारच्या सीटवर बाबा. दोघा भावांना डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, म्हणून दोघांनी बॅटरीच्या सायकली घेतल्या होत्या आणि आता त्या गाडीमागे लादून तळ्याकाठच्या सपाट रस्त्यावर न्यायच्या होत्या. बाकीच्या दुकानांनी पुढच्या महिन्याची तारीख दिली होती.

"म्हटलं घरचंच दुकान आहे की," बाबा म्हणाले. घरचं! सात वर्षांत दोनदा आले होते ते, तेही बाहेरच्या बाहेर.

काकानं डिकीतून एक खोका काढला. डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचं हलकं कॅरिअर. "हे आणलंय. फक्त बांधून दे."

खात्रीबाईनं काटा आणून एक सायकल टांगली. पंचवीस किलो. खोक्यावर छापलेल्या आकड्यावर बोट ठेवून दाखवलं, एका सायकलीला पंधरा किलो. "हे डिकीचं दार वाकवेल, काका. टो-बार घ्या आणि त्यावर चाकं ठेवायचं कॅरिअर घ्या. तुमच्या गाडीच्या गोळ्यावर पंचाहत्तर किलो चालतात. कॅरिअर अठराचं, सायकली पन्नास. बसतं. बॅटऱ्या काढून गाडीत ठेवल्यात तर आणखी बरं."

"मला शिकवतेस?"

"छे हो. तुम्हीच शिकवलंत की मला."

काका खुलला. गाडी आणि सायकली दुकानातच ठेवून गुरुवारी न्यायचं ठरलं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली, हेही सांगायला हवं. मनात काय शिजतंय ते तिला पक्कं ठाऊक होतं.

गुरुवारी दांडा तिनं स्वतः बसवला, बोल्ट टॉर्क पान्यानं मोजून आवळले, दिव्यांची वायर ओढली, गोळा थिनरनं पुसून लख्ख केला. अकराच्या सुमाराला दोघे भाऊ आले. बाकावर एक टॅक्सीवाला चहा पीत बसला होता, शाळेची व्हॅन चालवणारी एक बाई आपल्या गाडीची वाट बघत उभी होती. साक्षीदार हवेच होते.

"काका, दांडा झाला. कॅरिअर मात्र तुम्हीच चढवा. तुमच्या हाताची सर कुणाला?"

काकानं बाह्या वर केल्या. "आता कसं बोललीस! नाहीतरी तुझ्या भरवशावर एकदा तोंडघशी पडलोय." टॅक्सीवाल्याकडे बघून त्यानं डोळे मिचकावले. बाबा खुर्चीत बसून छताकडे बघू लागले.

तिनं काय केलं, तर हत्यारांच्या ट्रेमध्ये चिंधीशेजारी ग्रीसचा डबा ठेवला. झाकण काढून. आणि जुन्या गोष्टी काढल्या. तो घोड्यांचा ट्रेलर आठवतो का काका? आणि तो होडीवाला, चिखलात रुतलेला? काका रंगात आला. होडी कशी काढली, मालक कसा घाबरला, सगळं हातवारे करून सांगता सांगता तो गोळ्यापाशी वाकला, आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं डब्यात गेली. बघायलासुद्धा लागलं नाही त्याला. बोटं वर आली, गोळ्यावरून गोल फिरली, एकदा, दोनदा. मग त्यानं ती चिंधीला पुसली आणि होडीची गोष्ट पुढं चालू ठेवली.

खात्रीबाईनं चिंधीवरचा काळा डाग बघितला. पुसला होता. तिनं पुसला होता! नऊ वर्षं मेली स्वतःवर संशय घेत राहिली, आणि तिनं पुसला होता.

ती थांबवू शकली असती. मुळीच नाही थांबवलं. काकानं कॅरिअर चढवलं, खटका दाबला, वर आपली नवीकोरी सायकल ठेवून पट्टा आवळला आणि हात झटकले. "याला म्हणतात काम."

"बाबा," ती म्हणाली, "जरा उठा. सायकलीला बाजूनं रेटा."

"मी?"

"तुम्हीच. जोरात."

बाबांनी रेटलं. कॅरिअर गोळ्यावर गर्रकन कलंडलं, सायकल आडवी झाली आणि हँडल फरशीवर आपटून वाकलं. व्हॅनवाली बाई "अगं बाई!" करून मागं सरली. काका तोंड उघडं टाकून उभा.

"खटका सैल राहिला असेल," तो म्हणाला.

"तपासा की. तुमच्याच हातचा आहे."

त्यानं तपासला. खटका पक्का होता. मग तिनं कॅरिअरबरोबर आलेलं पुस्तक उघडलं आणि टॅक्सीवाल्याच्या हातात दिलं, कारण तो कुणाचाच कुणी नव्हता. त्यानं मोठ्यानं वाचलं: गोळा स्वच्छ आणि कोरडा असावा, तेल किंवा ग्रीस अजिबात नसावं.

"ती बोटं दाखवा काका," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण टॅक्सीवाल्यानं चहाचा पेला खाली ठेवला. "त्या दिवशीही हीच बोटं होती ना?"

काका उभ्या उभ्या म्हातारा झाला. "शेवटची तपासणी मी करायचो, कॅरिअर काढून पुन्हा बसवायचो," तो पुटपुटला. "हात फिरवला असेल. मला वाटलं ग्रीसनं काय होतंय, तुझ्याच बसवण्यात काही चुकलं असणार. दादाला मी सांगितलं होतं तेव्हाच, की ग्रीस मी लावलंय..."

तो थांबला. उशीर झाला होता.

खात्रीबाई हळूच बाबांकडे वळली. सूड काकावर नेम धरून मारला होता आणि गोळी भलतीकडेच लागली. तिच्या स्वतःच्याच छातीत.

"तुम्हाला माहीत होतं?"

बाबा खुर्चीत बसले. "त्याच्या नोकरीची दीडच वर्षं राहिली होती. दोन मुलींची लग्नं व्हायची होती. तू तरुण होतीस, तुला कुठंही काम मिळालं असतं."

"मिळालं?"

बाबांनी नजर फरशीवरच्या वाकड्या हँडलकडे वळवली.

"मी खोटी नाही, हे तुम्हाला माहीत होतं. आणि तरी त्या बाईंच्या दारात मला हात जोडायला लावलेत?" तिचा आवाज आता फाटला. "आईला? आईला माहीत होतं?"

"नाही. तिला सांगितलं असतं तर ती गप्प बसली नसती."

आई चार वर्षांपूर्वी गेली. शेवटपर्यंत ती लेकीला एकच सांगायची, एकदा कबूल करून टाक गं, मन हलकं होईल.

खात्रीबाईनं कॅरिअर उतरवलं, सायकली बाजूला ठेवल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं. काकाची गाडी डोक्याच्या वर जाऊन थांबली. "त्या बाई अजून तिथंच राहतात. दोघं जा. माफी मागून आलात की गाडी खाली येईल."

"माझे गुडघे," काका म्हणाला, "एवढं चालणं..."

"सायकली आहेत ना बॅटरीच्या? डॉक्टरांनी व्यायामच सांगितलाय."

टॅक्सीवाला फसकन हसला. आणि खरंच गेले हो ते दोघे. पुढं बाबा, मागं वाकडं हँडल सावरत काका. तिनं फाटकात उभं राहून ते वळणाआड जाईपर्यंत बघितलं. गोड लागलं तिला, का नाही लागणार? मग आत येऊन तिनं थिनर घेतलं आणि गोळा पुसायला घेतला. कोरडा होईपर्यंत पुसला. एकदाच.

सव्वा तासानं परत आले. काकानं कुणाकडे न बघता कोपऱ्यातल्या टायरांवर बूड टेकलं. टॅक्सीवाल्याचं काम कधीच झालं होतं, तरी तो हलला नव्हता. व्हॅनवाली बाईही तिथंच.

बाबा तिच्यापुढं उभे राहिले. "बाई म्हणाल्या, माझं मनगट केव्हाच बरं झालं. म्हणाल्या, माझ्या दारात आज कशाला आलात, पोर घरी आहे ना तुमच्या, माफी तिची मागा. आणि दार लावून घेतलं."

"मग?"

"चुकलं माझं," बाबा म्हणाले. जेमतेम तिच्यापुरतं.

"मोठ्यानं, बाबा."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. टॅक्सीवाला, व्हॅनवाली बाई, धाकटा भाऊ. ओठ हलले, घसा खाकरला. "चुकलं माझं!" ते ओरडले. "माझी पोर खरं बोलत होती, आणि मला ते माहीत होतं!"

या क्षणाला काय म्हणायचं हे तिनं नऊ वर्षं घोकलं होतं. पण तोंडाशी आलं ते "असू दे हो, बाबा". कुठल्याही लेकीच्या तोंडात तयार असतं ते. तिनं ते गिळलं.

"हे आईनं ऐकायला हवं होतं," ती म्हणाली.

बाबांनी तोंडावर हात घेतले आणि ते रडायला लागले, भर दुकानात, चार लोकांसमोर. तिनं लिफ्टचं बटण दाबून गाडी खाली आणली, कॅरिअर चढवलं, दोन्ही सायकलींचे पट्टे आवळले, दिवे लावून बघितले. बाबा तिथंच उभे राहून रडत होते. तिनं त्यांना रडू दिलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.