तीन प्रोफाइल्स आणि माझी सही

"काकाजी, आपला प्रफुल्ल चालला," असं म्हणत डायरेक्टरसाहेबांनी मोबाइल माझ्या टेबलावर आपटला.

स्क्रीनवर एक यादी होती. नोकरीधंद्याच्या ओळखी ठेवायची जी साइट आजकाल सगळे वापरतात, तिच्यावरची. तुम्ही तिथे कुणाचं प्रोफाइल उघडलंत, की तुमचं नाव, फोटो आणि हुद्दा त्या माणसाला दिसतो. सेटिंग बदललं नसेल तर. बहुतेकांना असं सेटिंग आहे हेच माहीत नसतं. प्रफुल्ललाही नव्हतं.

यादी नागपूरकडच्या एका कंपनीच्या एचआर मॅनेजरची होती, म्हणजे त्याचं प्रोफाइल कुणी कुणी पाहिलं त्याची, आणि तीत प्रफुल्लचं नाव होतं. आमच्यासारखीच सरकीचं तेल काढणारी कंपनी, म्हणजे थेट स्पर्धक. त्याने स्वतःच स्क्रीनशॉट काढून आमच्या डायरेक्टरला पाठवला होता. दोघं एका कॉलेजचे. खाली त्याने लिहिलं होतं, की तुमच्या या माणसाने आमच्या प्लांट हेडचं आणि एका इंजिनिअरचंही प्रोफाइल उघडलंय. चार दिवसांत तिघांची.

मी तेव्हा वर्ध्याजवळच्या त्या कारखान्यात पर्सोनेल मॅनेजर होतो. मोठ्या मालकांच्या काळापासून होतो, म्हणून त्यांचा मुलगा, म्हणजेच डायरेक्टर, मला काकाजी म्हणायचा. प्रफुल्ल आमच्या लॅबमध्ये केमिस्ट. तळेगाव श्यामजी पंतचा, एम.एस्सी. झालेला. तेल शुद्ध करायची नवी लाइन आम्ही बसवत होतो आणि ट्रायलचे सगळे रीडिंग त्याच्या हातात होते. ते रीडिंग बाहेर जाणार, हे डायरेक्टरसाहेबांनी ठरवूनच टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्लला केबिनमध्ये बोलावलं.

"पाहिली का ही प्रोफाइल्स?" मी विचारलं.

"पाह्यली, सर."

"कशासाठी?" डायरेक्टरसाहेब म्हणाले.

तो माझ्याकडे पाहायला लागला. "घरची गोष्ट आहे, सर. इथं सांगता नाई येत."

"घरची? दुसऱ्या कंपनीच्या एचआरमध्ये तुझं घर आहे का?"

"साहेब, मी कोठंच अर्ज नाई केला. तुमी मेल पाहा माहा, फोन पाहा."

"पाहायला काही ठेवलं असशील का त्यात?"

 दहा मिनिटांत विषय संपला. राजीनामा दे, नाहीतर टर्मिनेशन. टर्मिनेशन म्हणजे काढून टाकल्याचं पत्र. ते एकदा फाइलला लागलं की पुढच्या प्रत्येक दारात दाखवावं लागतं. प्रफुल्लने राजीनामा लिहिला. 

नोकरी सोडणाऱ्याला रिलीव्हिंग लेटर देतात. त्यात शेवटी एक ठरलेली ओळ असते: 'वर्तणूक समाधानकारक.' साहेब म्हणाले, ती ओळ नको. मी ती काढली आणि सही केली. बाहेरच्या माणसाला या पत्रात काही खटकणार नाही. पण एचआरमधला कुणीही आधी तीच ओळ शोधतो, आणि ती नसली की बाकीचं वाचत नाही.

त्याच आठवड्यात प्रफुल्ल माझ्या घरी आला. चहाला हात लावला नाही.

"सर, बहिणीचं स्थळ पाहून राह्यलो आम्ही. पोरगा त्या कंपनीत इंजिनिअर आहे म्हणे. बायोडाटात पर्मनंट लिहिलं. बाबा म्हणाले, खरं का खोटं ते पाह्य. म्हणून त्याचं पाह्यलं, त्याच्या साहेबाचं पाह्यलं, एचआरवाल्याचं पाह्यलं. कोणाले विचारावं ते समजे ना."

"अरे, मग केबिनमध्ये काऊन नाही बोललास?"

"स्थळ जमलंच नाई अजून, सर. तिथं नाव घेतलं असतं तर त्यांच्या एचआरपासून पोराच्या घरापर्यंत गेलं असतं. उद्या मोडलं तर लोकं माह्या बहिणीले बोलतील. तुमाले समजत नाई का?"

मला समजत होतं. मला दोन मुली आहेत. ठरण्याआधी स्थळाचं नाव घराबाहेर काढायचं नसतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. केबिनमध्ये "घरची गोष्ट" हे शब्द कानावर पडले तेव्हाच मी डायरेक्टरला थांबवून त्याला बाजूला न्यायला हवं होतं. पंचवीस वर्षं माणसं सांभाळायचा पगार घेतला होता, तो याचसाठी.

"बघतो," असं मी त्याला म्हणालो. काहीही बघितलं नाही.

का, तेही लिहितो, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. त्या साइटचं पैसे भरून घेतलेलं खातं कंपनीने मला दिलं होतं. त्यात प्रायव्हेट मोड सुरू होता. म्हणजे मी कुणाचंही प्रोफाइल उघडलं तरी त्याला माझं नाव दिसत नाही. दर सोमवारी मी आमच्याच लोकांची प्रोफाइल्स चाळायचो. कुणी फोटो बदलला, कुणी नवं सर्टिफिकेट टाकलं, कुणी नवी नोकरी शोधत असल्याची खूण लावली. त्याचा रिपोर्ट साहेबांना जायचा. प्रफुल्लची बाजू घेतली असती तर हाही विषय सगळ्या कारखान्यासमोर निघाला असता. मी लपून शंभर माणसं पाहिली आणि पगार घेतला. त्याने स्वतःच्या नावाने तीन पाहिली आणि नोकरी गमावली. याचा मला संताप येतो, आणि तो सगळ्यात आधी माझ्यावर येतो. डायरेक्टर तरुण होता, घाबरट होता. माझ्याकडे तीही सबब नाही.

पुढच्या दोन वर्षांत तीन कंपन्यांतून मला फोन आले. याला रेफरन्स चेक म्हणतात. नवी कंपनी जुन्या कंपनीला विचारते, माणूस कसा आहे. तिन्ही वेळा मी एकच वाक्य बोललो: "त्यांच्याबद्दल मी काही सांगू शकत नाही." शिवी दिली असती तर समोरच्याने निदान कारण विचारलं असतं. तिघांनीही 'थँक यू' म्हणून फोन ठेवला. प्रफुल्लला तिन्हींपैकी एकही नोकरी मिळाली नाही. तो गावातल्या एका कृषी केंद्रात काउंटरवर उभा राहायला लागला.

मी रिटायर झालो. या वर्षी चौथा फोन आला. वर्ध्यातल्या एका टेस्टिंग लॅबमधून, एका मॅडमचा. जुन्या पत्रावर माझी सही होती, म्हणून त्यांनी माझा नंबर शोधला होता.

"सर, पत्रात वर्तणुकीची ओळ नाहीये. काही प्रकरण होतं का?"

मी म्हणालो, "होतं. प्रकरण माझं होतं." आणि सगळं सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे लेखी लागेल. कंपनीच्या लेटरहेडवर दिलं तर बरं."

मी कारखान्यात गेलो. डायरेक्टरसाहेबांनी चहा मागवला, तब्येत विचारली. लेटरहेडचं नाव काढताच चेहरा बदलला.

"काकाजी, जुनं काऊन उकरून राह्यले? आणि सही तर तुमची आहे. माझी कुठंच नाही."

ते खरंच होतं. त्या फाइलमध्ये एकाही कागदावर त्यांची सही नव्हती. मी तसाच उठलो. घरी येऊन साध्या कागदावर लिहिलं, की चौकशी न करता राजीनामा घेतला, ओळ मुद्दाम वगळली, खरं कारण आठवड्याच्या आत कळूनही मी तीन ठिकाणी ते लपवलं. खाली नाव, पत्ता, सही. एक प्रत मॅडमना दिली आणि दुसरी घेऊन एसटीने तळेगावला गेलो.

प्रफुल्ल काउंटरवर होता. एका शेतकऱ्याला फवारणीचं औषध समजावून सांगत होता. मला पाहून त्याने ओळख दाखवली नाही. गिऱ्हाईक गेल्यावर मी कागद पुढे केला. त्याने उभ्यानेच दोनदा वाचला.

"हे तुमाले तवाच माहीत होतं."

"हो."

"आन् तीन फोन आलते तुमाले?"

"हो."

"मले वाटे, इंटरव्ह्यूतच माहं काही चुकून राह्यलं. दर बारीले पुस्तकं काढून बसलो मी, सर. दर बारीले." त्याचा आवाज चढला. मागे गोण्या रचणारा माणूस थांबून पाहायला लागला. "तुमी माफी मागाले आले का कागद द्याले?"

"दोन्हीसाठी."

"मंग कागद ठेवून जा."

मी कागद काउंटरवर ठेवला आणि स्टँडवर आलो.

त्या लॅबने त्याला घेतलं. ज्युनिअर केमिस्ट म्हणून. मधली वर्षं अनुभवात धरली नाहीत. आमच्याकडे त्याच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आता तिथे त्याचा सीनिअर आहे. हे मॅडमकडून कळलं, प्रफुल्लने फोन केला नाही. करावा अशी अपेक्षाही नाही.

वाचणाऱ्यांनी आपापलं सेटिंग तपासून घ्यावं, दोन मिनिटांचं काम आहे. आणि एचआरमध्ये कुणी असेल त्याच्यासाठी: कुणी काय पाहिलं ते स्क्रीनशॉटमध्ये येतं, का पाहिलं ते येत नाही. ते माणसाला एकट्याला बसवून, दार लावून विचारावं लागतं. तेवढा वेळ नसेल तर सही करू नका.