सुगतनं धरलेली जागा

आमचा सुगत जर्मनीत आउग्सबुर्ग नावाच्या शहरात शिकतो आणि दर रविवारी कुठं ना कुठं फिरायला जातो. त्याच्याकडं महिन्याचा पास आहे. त्या पासावर देशभर कुठंही हिंडा, अट एकच, गाडी धिमी पाहिजे. तिथली पोरं या अटीला वैतागतात. सुगत परभणीकडच्या ताडकळसचा असल्यामुळं त्याला यात काही अट आहे हेच कळलं नाही. वेगवान गाडी जिथं तीन तासांत जाते तिथं हा चार गाड्या बदलून सात तासांत पोचतो, आणि मला फोनवर आवाजातला निरोप पाठवतो, "लय पटकन आलो गड्या."

मी योगीराज, त्याचा पहिलीपासूनचा सोबती. ताडकळसला स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सुगतला परदेशात शिकायची सरकारी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा त्याचे सगळे कागद माझ्याच स्कॅनरवरून गेले. त्यामुळं सुगतला मी जर्मनीला पाठवलं असं मी गावात सांगतो.

तो राहतो सातव्या मजल्यावर, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात. स्वयंपाकघर अकरा जणांत एक. कचऱ्याचे डबे चार रंगांचे. टी-बॅग भिजलेली असताना कुठल्या डब्यात आणि तिचा दोरा कुठल्या डब्यात, याचा पहिल्या महिन्यात त्यानं जेवढा अभ्यास केला तेवढा बारावीला केला असता तर आज डॉक्टर असता. शनिवारी पहाटे तो एका बेकरीत पाव भाजायला जातो. पाव म्हणजे आपला चहात बुडवायचा पाव नव्हे. "भिताडात मारला तर भिताड पडंल," असं त्यानंच सांगितलंय. भाकरीची आठवण येत नाही का, असं त्याची आई सरजाबाई दर फोनला विचारते. "येते," तो म्हणतो. खरं म्हणजे घरी असताना तो चपातीसाठी रुसायचा.

फिरस्तीचं वर्णन तो फार इमानदारीनं करतो. बोडेनचं मोठं तळं बघून आला. कसं होतं विचारलं, तर म्हणे येलदरी धरणावानी, पण कुणी बकरं कापायला आलेलं नव्हतं. उल्मच्या चर्चचा मनोरा सातशेच्या वर पायऱ्या चढून गेला आणि उतरल्यावर दोन दिवस पाय धरून बसला. मग म्हणाला, "आपलं चारठाण्याचं जुनं देऊळ बरं हाय. खांब खाली उभं ऱ्हाऊन बघता येतेत."

आता त्या रविवाराचं सांगतो. पण त्याआधी दोन सवयी सांगायला लागतील, कारण जे झालं ते त्या दोन सवयींनी मिळून केलं.

पहिली सवय त्याच्या वडलांची. सिद्धोधन गुरुजींनी आम्हाला चौथीपर्यंत शिकवलं. त्यांच्या घरात जे काही आलं ते कागदावरून आलं. नोकरी, पोरांचे प्रवेश, शिष्यवृत्ती, सगळं. आणि प्रत्येक कचेरीत खिडकीतला माणूस एकच विचारतो, "ओरिजिनल आणलं का?" झेरॉक्स दाखवली की माघारी पाठवतो. (मला बरंच वाटतं, तो पुन्हा झेरॉक्सला माझ्याकडंच येतो.) म्हणून गुरुजींचा नियम, ओरिजिनल अंगावेगळं करायचं नाही. सुगत आठवडी बाजाराला निघाला तरी फाइल काखेत. तिकडं जर्मनीत सगळे पासपोर्ट खोलीत ठेवून फिरतात, हा मात्र डोंगर चढायलाही पासपोर्ट, राहण्याच्या परवान्याचं कार्ड, गुणपत्रिका, जात पडताळणीचं प्रमाणपत्र, सगळं पाठीवर घेऊन. जर्मनीच्या डोंगरावर जात पडताळणी कोण मागणार होतं, ते गुरुजींनाच माहीत.

दुसरी सवय आमच्या स्टँडची. आम्ही कॉलेजला परभणीला जायचो. एसटी फलाटाला लागायच्या आधीच तिच्यासोबत पळायचं आणि खिडकीतून सॅक आत सारायची. सॅक पडली की जागा आपली. मग खुशाल खाली चहा प्या. कुणी सॅकला हात लावत नाही, आणि कंडक्टरनं घंटी मारलीच तर सगळी गाडी ओरडते, "थांबा थांबा, माणूस खाली हाय!" गाडी थांबते. सुगत या कलेत आमचा वस्ताद होता. दप्तर टाकून त्यानं तीन तीन जागा धरलेल्या मी पाहिल्यात, त्यातली एक एका मास्तरीणबाईसाठी होती, ते असो.

तर रविवार. गुरुवारी त्याचं भारतात यायचं विमान होतं, कारण पुढच्या रविवारी त्याच्या थोरल्या बहिणीचं, बबिताताईचं लग्न. त्याआधी एक डोंगर बघून घ्यावा म्हणून साहेब निघाले. वाटेत एका जंक्शनला गाडी बदलायची होती. फलाटावर काठ्या आणि बूटवाल्यांची ही गर्दी. गाडी येताना दिसली आणि सुगतचं रक्त जागं झालं. तो गाडीसोबत पळाला, दार उघडताच पहिला घुसला, खिडकीची जागा पकडली, तिच्यावर सॅक ठेवली आणि निवांत खाली उतरला. पाटीवर सुटायला आठ मिनिटं होती. कॉफी घेतली. परत आला. गाडी उभी. चढला. खिडकीची जागा होती, सॅक नव्हती.

तिथं एक बाई लेकराला केळ चारत होती. तिला विचारलं. तिनं समजावून सांगितलं ते असं, की ही गाडी इथं मधून तोडतात. अर्धी एका डोंगराला जाते, अर्धी दुसऱ्या डोंगराला. पुढची अर्धी आत्ताच गेली. ही मागची.

गाडीतून कुणी ओरडलं नव्हतं.

माझा फोन वाजला तेव्हा इकडं साडेचार झाले होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"योग्या, मपल्या पासपोर्टचा स्कॅन हाय का तुझ्याकडं?"

"हाय. कामून?"

"बॅग गेली."

"कुणी नेली?"

"गाडीनं."

"तू कुठं व्हतास?"

"खाली."

मला हसू फुटलं. मी पार टेबलाला धरून हसलो. "सुगत्या, तिथं बी जागा धरायलास का लेका?"

तो हसला नाही. मग मला गुरुवार आठवला.

पासपोर्ट नसेल तर विमान नाही. वकिलातीतून घरी जायपुरता एक कागद मिळतो म्हणे, पण तो एका बाजूचाच. राहण्याचं कार्डही त्याच सॅकमध्ये. ते नवीन काढायला महिने लागतात, आणि जुलैत त्याची परीक्षा. म्हणजे बहिणीच्या लग्नाला यायचं तर शिक्षण तिकडंच राहतं, आणि शिक्षण धरायचं तर लग्न फोनवर बघायचं. बबिताताईनं त्याच्या परीक्षांपायी दोनदा तारीख पुढं ढकलली होती. तिनं सासरच्यांना तोंडावर सांगितलं होतं, "मपला भाऊ आल्याबिगर मी स्टेजवर चढणार न्हाई." तिसऱ्यांदा कोण ऐकून घेणार?

"पप्पाला सांगू नको," सुगत म्हणाला. "त्या डोंगराची पुढची गाडी तासाभरानं हाय. शेवटच्या ठेसनापर्यंत जाऊन बघतो. चार्जर सॅकमधीच गेला. बॅटरी नऊ टक्के हाय. फोन बंद ठेवतो, तिथं गेल्यावर चालू करतो."

"बरं. स्कॅन मेल करून ठेवतो."

"योग्या, हसू नको गावात."

"आज न्हाई हसत," मी म्हणालो.

स्कॅन पाठवला. पासपोर्टातल्या फोटोत तो मला बघत होता, आणि मला उगीच वाटत होतं की माझ्याच स्कॅनरनं काहीतरी चुकवलंय.

पाच-सव्वापाचला दुकानासमोर मोटारसायकल थांबली. गुरुजी. मी स्क्रीन झटकन बदलली.

"योगीराज, एक नंबर ब्लॉक करून दे बरं." त्यांनी फोन माझ्यापुढं ठेवला. "बाहेरदेशाचा नंबर हाय. चार येळा आला. तीन येळा कापला. चौथ्यांदा उचलला, तर बाई बोलायली, 'युवर सन, युवर सन.' म्या म्हणलं, वळखलं तुला! पोरगा पकडला गेला म्हणायचं आन पैसे मागायचे. परवा पालमच्या एका मास्तराला असंच घाबरं केलं. म्या तिला इंग्रजीतून खडसावलं आन ठेवून दिला."

मी नंबर पाहिला. अधिक, चार, नऊ. जर्मनीचा.

"गुरुजी, बसा."

"बसायला येळ न्हाई, मांडववाला यायलाय. ब्लॉक कर."

"गुरुजी, ब्लॉक न्हाई करायचा. ही टोळी न्हाई."

"तुला काय माहीत?"

आता सांगणं भाग होतं. मी सांगितलं. ओरिजिनल या शब्दाला गुरुजी स्टुलावर बसले. "समदे?" त्यांनी विचारलं. "समदे," मी म्हणालो. ते सुगतवर रागावतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "म्या कापला रे. तीन येळा म्या कापला. चौथ्यांदा तिला चोर म्हणलं."

मी तो नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. वाजत राहिला. गुरुजी उभे राहिले, जसे साहेब तपासणीला आल्यावर वर्गात उभे राहायचे.

बाईंनी उचलला. चौथ्या फोनच्या अनुभवानंतर त्यांनी उचलला हेच विशेष. त्यांचं इंग्रजी जेमतेम, गुरुजींचं पाठ्यपुस्तकातलं, दोघंही एक एक शब्द सावकाश ठेवणार, त्यामुळं त्यांचं छान जमलं. माझ्यासारखा फाडफाड बोलणारा मध्ये असता तर घोटाळा झाला असता. आधी गुरुजींनी माफी मागितली. बराच वेळ मागितली. मग कळलं ते असं. बाईंचं नाव हिल्डेगार्ड, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. त्या सुगतच्या जागेसमोरच बसल्या होत्या. पोरगा सॅक इतकी नीट ठेवून गेला की तो येणारच असं त्यांना वाटलं. त्यांचं गाव आलं तरी तो आला नाही. सॅक तशीच सोडली तर कुणाच्या हाती जाईल म्हणून त्या ती घेऊन उतरल्या आणि उघडली. वरच फाइल. फाइलवर गुरुजींच्या त्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरात, आधी मराठीत आणि खाली इंग्रजीत लिहिलेलं, ही फाइल सापडल्यास कृपया कळवावे. खाली 'वडील' असं लिहून नंबर. त्यांनी कळवलं होतं, चार वेळा.

"बाई मास्तरीण हायेत," गुरुजी फोनवर हात ठेवून मला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. "म्हणूनच."

पण सुगतचा फोन बंद. तो गाडीत बसून शेवटच्या स्टेशनाकडं निघालेला, आणि बाईंचं गाव त्याच्या दोन स्टेशनं अलीकडं. मी चार निरोप टाकले, एकही पोचला नाही. बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, इकडं तासाला एकच गाडी येते, मी सॅक घेऊन फलाटावर उभी राहते.

"त्यानं बाहेर बघितलं न्हाई तर?" गुरुजी म्हणाले.

"खिडकीला बसला असंल तर बघंल."

"आन जागा मिळाली नसंल तर?"

मी म्हणालो, "गुरुजी, सुगतला जागा मिळणार न्हाई असं होत न्हाई."

पुढचा अर्धा तास आम्ही घड्याळाकडं बघत काढला. मांडववाल्याचा फोन आला, गुरुजींनी कापला. सरजाबाईचा आला, तो उचलून "दुकानात हाय, आलो," एवढंच म्हणाले. मी चहा मागवला, त्यावर साय धरली. सहा वाजून बारा मिनिटांनी तोच नंबर वाजला. पहिल्याच घंटीला उचलला.

"पप्पा, मी सुगत."

मी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"पप्पा, गाडी थांबली आन मला मपली बॅग दिसली. एका म्हातारीनं पोटाशी धरलेली. म्या उडीच मारली."

"कागद मोजलेस का?" गुरुजींनी विचारलं.

"मोजले. नऊच्या नऊ हायेत."

"जेवलास का?"

"आता ह्या चारायल्यात. बटाट्याचं कायतरी हाय."

"खा. बाईंना दे फोन." आणि मग सावकाश, एक एक शब्द ठेवत, "थँक्यू, मॅडम. व्हेरी व्हेरी थँक्यू. जयभीम."

फोन ठेवला आणि गुरुजींनी असा श्वास सोडला की टेबलावरच्या पावत्या उडाल्या. थंड चहा ते एका घोटात प्यायले. मग मला हसू आलं, आणि ते पाहून त्यांनाही. "माणूस खाली, बॅग वर," ते म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. आम्ही दोघांनी ठरवलं, सरजाबाईला लग्न होईपर्यंत यातलं काही कळू द्यायचं नाही.

सुगत शुक्रवारी आला. रविवारी बबिताताई स्टेजवर चढली, सुगत तिच्या मागं उभा, जर्मनीच्या कोटात घामानं निथळत. त्रिशरण, पंचशील झालं, टाळ्या झाल्या. मग आपल्याकडच्या रीतीप्रमाणं माइक फिरला. सरपंच, केंद्रप्रमुख, वरपक्षाचे दत्तराव मामा, आलेल्यांचा नावं घेऊन सत्कार सुरू झाला. यादी संपली असं वाटलं तेव्हा गुरुजींनी माइक हातात घेतला, खिशातून चिठ्ठी काढली आणि वाचलं, "ज्यांच्यामुळं आजचा मंगल परिणय वेळेवर झाला, त्या जर्मनीच्या आदरणीय हिल्डेगार्ड मॅडम यांचं मी मनःपूर्वक..."

मांडवातल्या सगळ्या माना वळल्या. मॅडम कुठं बसल्यात ते जो तो शोधायला लागला. सरजाबाई मात्र मॅडमला शोधत नव्हती. ती सुगतकडं बघत होती. बायकांतून उठून सरळ त्याच्यापाशी आली, मी शेजारीच होतो.

"कोण रे ही?"

"आई, सांगतो नंतर."

"आत्ता सांग. त्या पोरीमुळं लगन येळेवर झालं म्हंजे काय? किती वरसाची हाय?"

"बहात्तर," सुगत म्हणाला.

सरजाबाईनं छातीवरचा हात खाली घेतला. मागं बघून जवळच्या बायकांना मोठ्यानं सांगितलं, "बहात्तर वरसाच्या हायेत!" बायका हसल्या. मग ती सुगतकडं वळली आणि त्याच्या कोटाची बाही ओढून म्हणाली, "मग पत्रिका कामून न्हाई धाडली त्या माउलीला?"