प्रांजलच्या रायफलीत मी भरलेली हवा

आमच्या घरातल्या हवा भरण्याच्या कामावरून मला २०१७ साली कायमचं काढून टाकण्यात आलं.

त्याआधी दोन वर्षं हे खातं माझ्याकडेच होतं. माझी लेक प्रांजल एअर रायफलची नेमबाज, मसोलीला सरावाला जायची. रायफलीच्या नळीखाली टाकी असते, तिच्यात हातपंपाने हवा ठासायची. पंप दिसायला सायकलचाच, पण शेवटी शेवटी तो खाली जायचा नाही, मीच वीतभर वर जायचो. (आमच्या वरोरच्या निम्म्या गावाने हे दर्शन घेतलेलं आहे.)

"पप्पा, दर पन्नास वेळा मारलं की थांबायचं. पंपाच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी बाहेर काढायचं," प्रांजल बजावायची.

"हवेत कुठलं आलंय पाणी?"

"आपण समुद्राला लागून राहतो, पप्पा."

एकदा केला सैल. फुस्स करून एवढी हवा गेली की वाटलं, टाकीच रिकामी झाली. (जाते ती फक्त पंपातली, हे फार उशिरा कळलं.) घाम गाळून कोंडलेली हवा मी अशी सोडून देणार? पुन्हा मध्ये थांबलोच नाही. तिने विचारलं, की "बादलीभर निघालं" म्हणून ठोकून द्यायचो.

सतरा वर्षांखालच्या गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष. निवड स्पर्धेत पहिले दहा छर्रे मधोमध. मग ते खाली उतरायला लागले. तिने नेम वर घेतला, तर पुढचा भलतीकडेच. निवड गेली.

तिथल्या दुरुस्तीवाल्याने टाकी सोडवून उलटी केली. तपकिरी पाणी त्याच्या बुटावर टपटपलं. आतली झडप गंजलेली.

"काका, ही रायफल आहे की शहाळं?"

मी हसलो. घरी येताना पंप प्रांजलने स्वतःच उचलला.

दारात शेजारच्या कमळीमावशी उभ्याच. "काय झालं गं?"

"माझाच हात हलला, मावशी," प्रांजल म्हणाली आणि आत गेली.

"अरेरे. आणि बापाने केवढी मेहनत घेतली," मावशी हळहळल्या. खास माझ्यासाठी त्यांनी आलं घालून चहा करून आणला.

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि साखर जरा कमी आहे, एवढंच म्हणालो.